फिलिपिनी पान आणि त्याचा रसिक

फिलिपाइन्समधील टागालोग भाषेंत चवीला 'लासा' म्हणतात आणि शिरक्याला 'सुका'. पहिला शब्द मलायी भाषेच्या द्वारें आपल्या 'रस' शब्दापासून आणि दुसरा त्याच वाटेनें 'चुक्र' शब्दापासून तिकडे गेला, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्या भाजीबाजारांतला आंबट चुका ज्या चुक्राचा वंशज, त्याचाच एक भाऊबंद समुद्र ओलांडून फिलिपिनी गृहिणीच्या बाटलींत जाऊन बसला आहे, असें म्हणावयाचें. अशीं नातीं सांपडलीं कीं आपल्याकडील कित्येक लेखकांस बृहत्तर भारताचे नगारे वाजविण्याची स्फूर्ति होते. प्रस्तुत लेखकास ती झाली नाहीं. शब्द गेला म्हणजे त्याबरोबर चवही गेली असें होत नाहीं. भात, माड आणि मासा हीं त्या बेटांवर आपल्या शब्दाची वाट पाहत खोळंबलीं नव्हतीं.

'रस' ह्या शब्दानें मात्र एक जुना प्रश्न पुन्हां उभा राहतो. काव्यचर्चेंत आपण ही संज्ञा इतकी झिजविली आहे कीं ती मुळांत जिभेची आहे ह्याची आठवण करून द्यावी लागते. नाट्यरस म्हणजे काय हें समजावून देतांना भरतमुनींनीं दृष्टांत योजला तो जेवणाराचा. त्या दृष्टांतांतलें अन्न सर्व संस्कार होऊन पुढें आलेलें आहे. जेवणाराकडे प्रसन्न चित्तानें आस्वाद घेण्यापलीकडे दुसरें काम नाहीं. पण जेथें अन्न मुद्दामच अपुरें वाढलें जातें आणि त्यावरील शेवटचा संस्कार खाणाराच्या हातीं ठेवलेला असतो, तेथें रस कोणाचा? पाचकाचा कीं भोक्त्याचा? आणि टीकाकारानें परीक्षण करावयाचें तें कोणाच्या कृतीचें? पानाय बेटावरील इलोइलो शहराच्या समुद्रकांठीं जीं साधीं उपाहारगृहें आहेत, तेथें हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं. तो बशींत घालून पुढें येतो.

शहराच्या पश्चिम अंगास आरेव्हालो नांवाचा भाग आहे. १५८१ सालीं गोन्झालो रोन्किल्यो ह्या स्पॅनिश गव्हर्नरानें तेथें वसाहत करून तिला स्पेनमधील आपल्या गांवाचें नांव दिलें. लोक त्या भागाला नुसतें 'व्हिल्या' म्हणतात. व्हिल्याच्या किनाऱ्यावर खाण्याचीं ठिकाणें ओळीनें आहेत. वाळू करड्या रंगाची, खांब बांबूचे, छपरें निपा नांवाच्या खाजणी ताडाच्या पानांचीं, बसावयास लांकडी बांकें. समोर सामुद्रधुनीपलीकडे गिमारास बेटाची हिरवी रेघ. वारा समुद्रावरून येतो आणि कोंबड्या-मासे भाजल्याचा धूर डोळ्यांत घालून जातो. येथें कोणी नटूनथटून येत नाहीं. रविवारीं आजा-आजीपासून रांगत्या मुलापर्यंत तीन तीन पिढ्या एका बांकावर बसतात; कोणी चमचा-कांट्यानें जेवतो, कोणी हातानें. हातानें जेवण्याला तेथील भाषेंत 'किनामोत' असा खास शब्द आहे आणि त्यांत गांवंढळपणाची छटा नसून सुटीच्या मोकळेपणाची आहे. २०२३ सालीं युनेस्कोनें ह्या शहराला पाककलेचें सर्जनशील नगर म्हणून मान्यता दिली. ह्या मंडळींच्या जेवणाला तिची कांहीं आवश्यकता होती असें नाहीं.

हें शहर मोठें झालें तें साखरेवर. १८५५ सालीं येथील बंदर परदेशी व्यापाराला खुलें झालें, पाठोपाठ समोरच्या नेग्रोस बेटावर उसाचे मळे पसरले, आणि गोदींतून साखरेचीं पोतीं जगभर जाऊं लागलीं. श्रीमंतांचे वाडे उठले, मिठायांचीं दुकानें निघालीं. तरीही साखरेनें पोसलेल्या ह्या शहराची जीभ आंबटाचीच चाकर राहिली आहे. किनाऱ्यावरील खाद्यसूची कोणतीही उघडा. तिच्यांतील मुख्य पदार्थांत गोड फारच थोडें, आंबट मात्र पावलोपावलीं.

हा आंबटपणा आपल्या ओळखीचा आहे आणि नाहींही. ओळखीचा अशासाठीं कीं तो देणारीं फळें आपल्याच गोतांतलीं आहेत. टागालोग लोक माशाच्या रश्शांत चिंच घालतात किंवा 'कामियास' घालतात. हें कामियास म्हणजे कोंकण-गोमंतकांतील बिंबली. इलोइलोकडे ह्या कामीं 'बातुआन' नांवाचें हिरवें, गोल, लहानसें फळ वापरतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें बातुआन आणि आपलें कोकम एकाच गार्सिनिया कुळांतलीं चुलत भावंडें आहेत. फरक असा कीं कोकमाची आपण साल वाळवून आमसूल करतों आणि त्याचा तांबूस रंग कढीला देतों. बातुआन बहुधा ओलेंच, सबंध भांड्यांत पडतें, उकळून मऊ होतें, आणि मग पळीनें दाबून त्याचा रस रश्शांत उतरवितात. रंग तें कांहींच देत नाहीं. त्या भागांतील सर्वांत लाडका पदार्थ ह्याच फळावर उभा आहे. त्याचें नांव 'कादयोस, बाबोय, लांगका', म्हणजे तूर, डुकराचें मांस आणि फणस. पदार्थाला नांव म्हणून तिघांची नुसती यादी द्यावी आणि ज्याच्यावांचून तो पदार्थच होत नाहीं त्या चवथ्याचा, बातुआनचा, उल्लेखही करूं नये ह्यांत कांहीं विनय आहे कीं विसर, हें सांगवत नाहीं. शाकाहारी वाचकांनीं मधल्या नांवाकडे क्षणभर डोळेझांक करावी. दोन्ही बाजूंचीं घरचींच माणसें आहेत. तूर मात्र डाळ करून नव्हे, सबंध दाण्यांची. तिच्या सालीमुळें रस्सा जांभळट काळा होतो. फणस कच्चा, भाजीचा.

आणि ओळखीचा नाहीं तो अशासाठीं कीं ह्या आंबटाला जोडीदार नाहीं. आपल्या आमटींत चिंचेचें आणि गुळाचें लग्न लागलेलें असतें. चिंच एकटी पडली तर आपली जीभ तिला विधवा समजते. कोंकणांतील तिरफळ-आमसुलाचें माशाचें कालवण तेवढें ह्या नियमाला अपवाद, आणि म्हणूनच सारस्वत अथवा मालवणी वाचकाला व्हिल्याच्या किनाऱ्यावर पुणेकरापेक्षां लवकर घर सांपडेल. तेथील रश्शांत आंबट हा तोल सांभाळण्यासाठीं टाकलेला पासंग नाहीं. तो रश्शाचा पायाच आहे. ह्याची साक्ष त्या देशाच्या वाङ्मयांतच मिळते. होसे रिझाल ह्यांच्या १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'नोली मी टांगेरे' ह्या कादंबरींत तरुण मंडळींच्या जलविहाराचें एक प्रकरण आहे. होडींत चूल मांडलेली आहे. आंदेंग नांवाची सुगरण मुलगी तांदळाचें धुवण, टोमॅटो आणि कामियास घेऊन रश्शाची सिद्धता करते. आणि मासा अजून पाण्यांतच आहे. पुढें जाळें टाकतात तर कांहीं लागत नाहीं, कारण त्या कुंपणांत सुसर शिरलेली असते. त्या प्रकरणाचा राजकीय अर्थ अनेकांनीं सांगितला आहे. आमचें लक्ष वेधून घेतलें तें त्यांतील पाककलेच्या क्रमानें. आधीं आंबट पाणी, मग मासा. मासा हा पाहुणा. आंबट हें घर.

किनिलाव नांवाच्या पदार्थांत हेंच तत्त्व टोंकाला गेलें आहे. किनिलावासाठीं 'तांगिगे' मासा उत्तम समजतात. हा आपल्या सुरमईचाच भाईबंद. त्याचे स्वच्छ तुकडे माडीच्या शिरक्यानें एकदां धुऊन तो शिरका टाकून देतात, आणि मग ताजा शिरका, आलें, कांदा, मिरची व 'कालामान्सी' नांवाच्या सुपारीएवढ्या लिंबाचा रस घालून बशी पुढें ठेवतात. विस्तवाचा संबंध नाहीं. मांसाचा काचेसारखा रंग पाहतां पाहतां दुधाळ होत जातो, तेवढाच काय तो पाक. आम्लामुळें मांसांतील प्रथिनांची घडी मोडते आणि तें शिजल्यासारखें घट्ट होतें. पण विस्तव जंतूंचा जसा नाश करतो तसा आम्ल करीत नाहीं. म्हणून येथें सगळी भिस्त माशाच्या ताजेपणावर. शिळेपण झांकणारा मसाला ह्या बशींत नाहीं, फोडणी नाहीं, तळण नाहीं. एडिल्बेर्तो आलेग्रे आणि डोरीन फर्नांडेझ ह्यांनीं १९९१ सालीं एकट्या किनिलावावर सबंध ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नांवांतच ताजेपणाचा निर्देश केला, तो योग्यच होता. माडीचा शिरका गोमंतकांतील ख्रिस्ती घरांतही नित्याचा आहे, हें वाचकांस ठाऊक असेल. पण तेथें तो मसाल्याच्या वाटणांत मिसळून जातो. येथें तो उघडा बसतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. ह्या किनाऱ्यावर पदार्थ पुढें आले कीं त्यांच्याबरोबर रिकाम्या वाट्या येतात. बांकासमोरच्या फळीवर बाटल्या असतात: काळसर खारट 'तोयो', म्हणजे सोयाबीनचें पाणी, आणि 'सिनामाक', म्हणजे माडीच्या शिरक्यांत मिरच्या, लसूण, आलें व कोळिंजनाचे तुकडे घालून मुरविलेलें तिखट-आंबट पाणी. अर्ध्या चिरलेल्या कालामान्सी येतात, इवल्याशा जहाल मिरच्या येतात, आणि जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठांत मुरवून केलेलें 'गिनामोस' येतें, ज्याच्या वासानें नवखा मनुष्य प्रथम मागें सरतो. ह्यांतून जो तो आपल्यापुरतें बुडवण तयार करतो. टागालोग भाषेंत त्याला 'सावसावन' म्हणतात. 'सावसाव' म्हणजे बुडविणें. आमच्या शेजारच्या बांकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं वाटींत दोन मिरच्या घेतल्या, चमच्याच्या पाठीनें एकच चिरडली, दुसरी सबंध ठेविली. कालामान्सी पिळल्या, तोयोचे थेंब मोजून टाकले, आणि भाताचें एक शीत त्यांत बुडवून चाखलें. मग आणखी एक कालामान्सी. शेजारीं सात-आठ वर्षांचा नातू आपल्या वाटींत हुबेहूब तसेंच करीत होता, मिरची मात्र त्यानें चिरडली नव्हती. आजोबांनीं त्याला कांहींच सांगितलें नाहीं. त्याच्या वाटींत एकदां बोट बुडवून पाहिलें आणि मान हालविली, इतकेंच.

कोणी म्हणेल, ह्यांत नवल तें काय? आपल्या पानाची डावी बाजू दुसरें काय आहे? मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचें. परंतु साम्य वरवरचें आहे. आपली डावी बाजू ही उजव्या बाजूची सोबतीण. आमटी ही आमटी म्हणून चुलीवरच पुरी झालेली असते. पाहुण्यानें पानावर बसल्यावर मीठ मागितलें तर यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो, आणि 'चिंच जरा कमी पडली' असें घरच्यानेंच म्हटलें तर भांडणाला निमित्त होतें. कारण त्या उद्गारांत पाककर्त्रीचा दोष काढलेला असतो. व्हिल्याच्या किनाऱ्यावर मात्र भाजलेला मासा पुष्कळदां जवळजवळ अळणीच येतो, आणि तसा येणें हा दोष नव्हे. आचाऱ्याचें काम तो ताजा निवडणें, नेमका भाजणें आणि आंतला ओलावा राखणें. त्याला खारट, आंबट, तिखट कितपत करावयाचें हें ठरविण्याचा हक्क त्यानें स्वतःकडे ठेवलेला नाहीं. अळणी मासा हा अपुरा मासा नसून तें एक आमंत्रण आहे.

ह्या गोष्टीचें मर्म जिनें प्रथम नीट उकलून दाखविलें ती विदुषी म्हणजे वर उल्लेखिलेल्या डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२). ह्या बाई वाढल्या नेग्रोस बेटावरील सिलाय गांवीं, आणि पुढें मनिला येथील आतेनेओ विद्यापीठांत साहित्याच्या प्राध्यापक झाल्या. खाद्यसंस्कृतीवर लेखन करणाऱ्या ह्या बाईंचा संशोधनग्रंथ होता इलोइलोच्या संगीत नाटकांवर: १९०३ ते १९३० ह्या काळांतील 'सार्सुएला' ह्या विषयावर. तो १९७८ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्याकडे किर्लोस्कर-देवलांच्या नाट्यपदांचा अभ्यासक उद्यां मालवणच्या खानावळींवर ग्रंथ लिहूं लागला तर विद्वान भुंवया उंचावतील. पण फर्नांडेझबाईंचें दोन्ही लेखन एकाच दृष्टीनें झालें आहे. नाटक हें जसें संहितेंत पुरें होत नाहीं, तसें जेवण स्वयंपाकघरांत पुरें होत नाहीं, ही ती दृष्टि. बुडवणाच्या वाटीमुळें खाणारा हा पाचकाचा सहकारी होतो, दोघांत दरी राहत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन आहे. अडोबो अथवा लेचोन ह्या परदेशांत गाजलेल्या पदार्थांपेक्षां सिनिगांग हा साधा आंबट रस्साच फिलिपिनी रुचीचा खरा प्रतिनिधि, हेंही त्यांनीं आग्रहानें मांडलें. ह्या दोन्ही मतांशीं आम्ही सहमत आहों.

एका बाबतींत मात्र त्यांच्या विवेचनाला पुरवणी जोडावीशी वाटते. फर्नांडेझबाईंचा भर स्वातंत्र्यावर आहे: ज्याला जसें हवें तसें. परंतु त्या वृद्ध गृहस्थांच्या वाटीकडे पाहिलें असतां दिसतें तें नुसतें स्वातंत्र्य नव्हे, तर त्यामागची शिस्त. कालवांना शिरका आणि मिरची, त्यांत तोयो नाहीं; तोयोनें कालवाचा समुद्री खारटपणा मरतो. भाजलेल्या माशाला तोयो, कालामान्सी, मिरची. गवती चहा, आलें व शिरक्यांत मुरवून, शेंदरीच्या बियांचें तांबडें तेल लावून निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीला, म्हणजे 'इनासाल'ला, सिनामाक. कच्च्या कैरीला गिनामोस. हे नियम कोठें लिहिलेले नाहींत आणि मोडले तर कोणी रागावत नाहीं; पण जाणकार ते सहसा मोडीत नाहींत. आम्हीं पाहिलें तें असें कीं नवखा परदेशी प्रवासी सगळ्या बाटल्या एका वाटींत ओततो आणि त्या एकाच काळ्या पाण्यांत कालव, कोंबडी, मासा सर्व कांहीं बुडवितो. त्याला चार पदार्थांची मिळून एकच चव लागते, आणि ती चव त्याच्या स्वतःच्या वाटीची असते. आपल्या साहित्यशास्त्रानें 'सहृदय' ही कल्पना मांडतांना प्रत्येक श्रोत्याला सहृदय म्हटलें नाहीं. काव्याच्या अभ्यासानें ज्याचें मन आरशासारखें स्वच्छ झालें आहे तो सहृदय. बुडवणाची वाटी हें स्वातंत्र्य खरें, पण तें अधिकारी पुरुषाचें स्वातंत्र्य. आजोबांचें बोट नातवाच्या वाटींत गेलें तें ह्या अधिकाराच्या शिक्षणासाठीं.

ह्यावरून परीक्षणाच्या प्रचलित कसोट्यांविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. २०२५ सालीं मिशेलिन ह्या प्रख्यात फ्रेंच मार्गदर्शिकेनें मनिला व तिचा परिसर आणि सेबू ह्यांपुरती आपली पहिली फिलिपिनी निवड प्रसिद्ध केली. इलोइलो तिच्या कक्षेंत नव्हतें. मार्गदर्शिकेच्या पांच जाहीर कसोट्या आहेत: जिन्नसांचा दर्जा, पाककौशल्य, रुचींचा मेळ, पदार्थांतून दिसणारें पाचकाचें व्यक्तिमत्त्व, आणि सातत्य. पहिल्या दोन कसोट्या व्हिल्याच्या किनाऱ्यासही लागू पडतात. तेथील आचाऱ्यानें मासा जाळला तर त्याला क्षमा नाहीं. परंतु रुचींचा मेळ येथें पाचक घालीत नाहीं. व्यक्तिमत्त्व दिसावयाचें तर तें बांकावरील प्रत्येक वाटींत निराळें दिसेल. आणि सातत्य? एकाच माशाचे चार घास चार वाट्यांत बुडाल्यावर सातत्य कशाचें मोजावयाचें? ह्या कसोट्या खोट्या आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्या एका विशिष्ट कलेच्या आहेत: जींत कलावंत आपली कृति पुरी करून चौकटींत बसवितो आणि रसिकानें तिला हात लावूं नये अशी अपेक्षा असते. तैलचित्राच्या कसोटीनें रांगोळी तपासली तर रांगोळी नापास व्हावयाचीच.

म्हणून ह्या उपाहारगृहांचे जे दोष सर्वसाधारण प्रवासी सांगतात, ते आम्हांस दोष वाटत नाहींत. बांकें खडबडीत आहेत, माशा येतात, वाढपी सावकाश आहेत, कोठेंतरी कोणी ध्वनिक्षेपकावर बेसूर गात असतो. ठीक आहे. खरा दोष निराळा आहे, आणि तो वाढत आहे. अशाच एका ठिकाणीं आम्हीं माशाचा आंबट रस्सा मागविला. पहिला चमचा चांगला लागला. दुसराही तसाच, आणि शेवटचाही अगदीं तसाच. फळाचा आंबटपणा एकसुरी नसतो. आरंभीं तो जिभेच्या कडांना झोंबतो, मग माशाच्या तेलानें मवाळ होतो, भांड्याच्या तळाशीं फळाची साल लागली कीं किंचित् तुरट होतो. येथें यांतलें कांहींच घडलें नाहीं. रश्शांत फळ नव्हतेंच. बाजारांत मिळणारी आंबट भुकटीची पुडी होती. बुडवणही वाटीला वाटी न देतां आधींच कालवून, थोडी साखर घालून, कागदी द्रोणांत भरून आलें. चव वाईट होती असें म्हणतां येणार नाहीं. पण पाचकानें फळावरचा आपला हक्क पुडीला विकला होता, आणि आमचा वाटीवरचा हक्क आम्हांस न विचारतां काढून घेतला होता.

पुडीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बातुआन हें मुख्यतः रानांतलें झाड. त्याचें फळ बारमाही नाहीं. रविवारच्या गर्दींत फळें उकळून, दाबून, चाखून प्रत्येक भांडें जमविणें हें कष्टाचें काम आहे, आणि तें करणाऱ्या बाईला त्या कष्टाचा निराळा मोबदला मिळत नाहीं. शहरांतील घरोघरीं पुडी शिरली आहे ती आळसानें नव्हे, वेळेच्या तुटवड्यानें. आपल्याकडेही तयार मसाल्यांच्या पुड्यांनीं काय केलें हें कोणाला सांगावयास नको. तरीसुद्धां फरक आहे. आपल्या पुडीनें पाट्या-वरवंट्याला विश्रांति दिली. तेथील पुडी त्या पाककलेच्या पायालाच हात घालते, कारण तेथें आंबट हाच पाया आहे. ज्या मुलानें कधीं बातुआन दाबलें नाहीं आणि कधीं कालामान्सी मोजून पिळली नाहीं, तो पुढें आजोबा होईल तेव्हां कोणाच्या वाटींत बोट बुडवील?

ह्याच्या उलट टोंकाचा दुसरा प्रकार म्हणजे 'बूडल फाइट'. लांबच लांब फळीवर केळीचीं पानें पसरून मध्यें भाताची रास, तिच्यावर आणि भोंवतीं मासे, कोंबडी, कोळंबी, फळें रचून दहा-पंधरा जणांनीं उभ्यानें हातांनीं खावयाचें. हा फिलिपिनी सैन्यांतील रिवाज. अधिकारी आणि शिपाई एका पंक्तीस यावेत हा त्यांतील हेतु स्तुत्य होता. पण आतां तो पुरातन परंपरा म्हणून प्रवाशांना विकला जातो, आणि त्याचें छायाचित्र जेवणापेक्षां अधिक वेळ घेतें. आमचा आक्षेप मात्र प्रदर्शनावर नाहीं. त्या राशींत रस एकमेकांत वाहतात, कोंबडीचें तेल कालवांवर जातें, आणि वाटीला जागाच राहत नाहीं. केळीच्या पानामुळें आपल्या लोकांस तो प्रकार घरचा वाटेल. परंतु आपण पानावर मिठाची जागा सुद्धां ठरवून ठेवतों हें विसरून चालणार नाहीं.

एक गोष्ट अशी आहे कीं जिच्यापुढें पाचक आणि भोक्ता दोघांचेही हक्क निष्फळ होतात. ११ ऑगस्ट २००६ रोजीं 'सोलर १' हें तेलवाहू जहाज गिमारास बेटाच्या दक्षिणेस बुडालें. त्यांत वीस लाख लिटरांहून अधिक जड इंधनतेल होतें. तें किनाऱ्याला लागलें, तिवरांच्या मुळांत शिरलें, आणि कोळ्यांच्या होड्या वाळूवर पडून राहिल्या. विसायन समुद्रांतील कांहीं उपसागरांत विषारी सूक्ष्म जीवांची वाढ होऊन 'लाल भरती' येते, तेव्हांही तेथील कालवें व शिंपले खाण्यास सरकारी मत्स्यखातें मनाई करतें. समुद्रकांठचें उपाहारगृह म्हटलें म्हणजे समुद्र हा देखावा, असें आपण समजतों. व्हिल्याच्या किनाऱ्यावर तो कोठार आहे. किनिलावाच्या बशींत दुसऱ्या कशाचाही आधार नसल्यामुळें त्या कोठाराची प्रकृति प्रत्येक घासाबरोबर कळते.

जेवणाच्या शेवटीं आंबा येतो, आणि तो येतो समोरच्याच गिमारास बेटावरून. ह्या आंब्याला किडीचा उपद्रव होऊं नये म्हणून बाहेरचा आंबा त्या बेटावर नेण्यास बंदी आहे; २०२३ सालीं त्याची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली. आपल्या हापुसाला तो मान २०१८ सालीं मिळाला. गिमारासचा आंबा लांबट, पिवळाधमक, धागा जवळजवळ नसलेला आणि फार गोड. हापुसाचा तो दरवळ आणि ती किंचित् आंबट झांक त्यांत नाहीं, असें आमचें मत झालें; पण रत्नागिरीच्या बाजूचा साक्षीदार ह्या खटल्यांत निःपक्षपाती मानला जाऊं नये. तोच आंबा कच्चा असतांना लोक त्याच्या फोडी गिनामोसांत बुडवून खातात, आणि ती चव तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या इतकी जवळची आहे कीं दुसऱ्या फोडीला त्या वासाचें कांहीं वाटेनासें होतें. पिकलेला आंबा पुढें आला तेव्हां मात्र त्या वृद्ध गृहस्थांनीं आपली वाटी दूर सारली, नातवाचीही सारली, आणि बोटें धुण्यासाठीं पाणी मागितलें. पिकला आंबा तेथें कोणी कशांत बुडवीत नाहीं.